अ‍ॅक्सिलरेटर फिजिक्समध्ये पीएचडी करायची आहे, कॅन्सरच्या उपचारासाठी. सुरुवात कुठून करू?

चाफा_कळवा:

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुंबई विद्यापीठात, कलिन्याला. राहते कळव्याला. प्रश्न जरा लांबलाय, पण वाचा प्लीज.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीला जिभेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि मग परळला तीस शेक, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. तिच्याबरोबर बहुतेक दिवस मीच जायचे. तिचा मास्क केला त्या दिवशीही मीच होते, ती पांढरी जाळीची प्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकून मऊ करतात आणि चेहऱ्यावर दाबून बसवतात, गार झाली की कडक होते, आणि मग रोज तोच मास्क घालून डोकं टेबलाला अडकवायचं. मावशीने तो घरी आणलाय, कपाटावर ठेवलाय, टाकून देऊ देत नाही.

बाहेर बाकावर बसून कंटाळा यायचा म्हणून एकदा तिथल्या टेक्निशियन दादांना विचारलं की आत नक्की काय होतं. ते म्हणाले, आत इलेक्ट्रॉन पळवतात, टंगस्टनवर आपटवतात, त्यातून एक्स-रे निघतात, ते तुमच्या मावशीला. मला तोपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर म्हटलं की फक्त सर्नची (जिनिव्हाजवळची कणांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा) २७ किलोमीटरची रिंग आठवायची, आणि इथे भिंतीपलीकडे एक होता आणि रांगेत माझी मावशी बसली होती!

मावशी आता बरी आहे. पण लाळ जवळजवळ आटलीय तिची. भाकरी आमटीत कुस्करून भिजवल्याशिवाय गिळता येत नाही, रात्री उशाशी पाण्याची बाटली लागते. डॉक्टर म्हणाले लाळग्रंथी ट्यूमरच्या इतक्या जवळ असतात की थोडा डोस जातोच. तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय, की त्या एक-दोन सेंटीमीटरसाठी काहीतरी करता आलं पाहिजे. मग प्रोटॉन थेरपी (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचे शेक), ब्रॅग पीक वगैरे वाचत गेले, आणि आता पीएचडी ह्यातच करायची असं ठरवलंय.

पण कोणाला विचारावं कळत नाही. मेडिकल फिजिक्स आणि अ‍ॅक्सिलरेटर फिजिक्स ह्यात फरक नक्की काय? मुंबईत राहून होईल का बाहेरच जावं लागेल? आणि आई म्हणते की पाच वर्षं घालवून शेवटी नोकरी कुठली, तर तिला काय सांगू?

बीमलाईन:

चाफा, मी ह्याच विषयात पीएचडी केली आहे, युरोपात, आता दोन वर्षांपासून परत ठाण्यात आहे. जमेल तितकं लिहितो.

आधी फरक. मेडिकल फिजिसिस्ट पेशंटच्या बाजूने बघतो: हा ट्यूमर, हा डोस, कुठल्या कोनातून, किती अचूक पोचला. अ‍ॅक्सिलरेटरवाला मशीनच्या बाजूने बघतो: हा बीम (कणांचा झोत) इथून निघाला, पेशंटपर्यंत पोचताना त्याची एनर्जी, आकार, जागा हवी तशीच का राहत नाही. दोघं एकाच खोलीच्या दोन दारांतून आत येतात असं समज. तुला कुठल्या दाराने यायचंय ते आधी ठरव, कारण नंतर बदलणं जमतं पण वर्षं जातात.

आता तू ब्रॅग पीक वाचलंयस म्हणून सरळ पुढे जातो. प्रोटॉन ठरावीक खोलीपर्यंत जातो, शेवटी शेवटी बरीचशी ऊर्जा टाकतो (हाच ब्रॅग पीक) आणि थांबतो, पलीकडे जवळपास काहीच जात नाही. रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली ही कल्पना उपचारासाठी मांडली, आणि ते स्वतः अ‍ॅक्सिलरेटर बांधणारे होते हे लक्षात घे. १९५४ ला बर्कलेमध्ये पहिले पेशंट. म्हणजे कल्पना पंचाहत्तर वर्षांहून जुनी आहे, अडलंय सगळं मशीनपाशी. ७० एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे कणाच्या ऊर्जेचं माप) प्रोटॉन पाण्यात साधारण ४ सेंटीमीटर जातो, २३० चा ३३ च्या आसपास. आपल्या कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात पेलेट्रॉन (कणांना वेग देणारं यंत्र) आहे, १९८८ पासून चालतोय, फार सुंदर मशीन आहे, पण १४ दशलक्ष व्होल्टवर त्यातून प्रोटॉन २८ एमईव्हीपर्यंतच मिळतो, म्हणजे पाण्यात पाऊण सेंटीमीटर. न्यूक्लिअर फिजिक्ससाठी उत्तम, पण आतल्या ट्यूमरपर्यंत त्याने पोचता येत नाही. त्यासाठी सायक्लोट्रॉन नाहीतर सिंक्रोट्रॉन, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणारं मशीन लागतं.

खारघरला ऍक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं केंद्र) २०२३ पासून जे प्रोटॉनचे उपचार सुरू झालेत तिथे सायक्लोट्रॉन आहे. सायक्लोट्रॉनमधून बीम एकाच एनर्जीने बाहेर येतो, २३० एमईव्ही. पण ट्यूमर तर जाडीला असतो, त्याला एकेका थराने रंगवावं लागतं, प्रत्येक थराला वेगळी एनर्जी. मग बीमच्या वाटेत ग्रॅफाइटची पाचर आत-बाहेर सरकवतात, जितकी जाड तितकी एनर्जी कमी. ऐकायला सोपं वाटतं. पण ग्रॅफाइटमधून जाताना बीम विस्कटतो, एनर्जीही पसरते, आणि मग कॉलिमेटर (नको ते कण अडवणारी फट) आणि मॅग्नेट लावून त्यातला कामाचा भाग निवडून घ्यावा लागतो. ७० एमईव्हीपर्यंत खाली आणलंस तर निघालेल्या प्रोटॉनपैकी १ टक्काही हातात राहत नाही! बाकीचे सगळे वाटेतच संपतात, तिथलं लोखंड-काँक्रीट रेडिओअ‍ॅक्टिव्ह करतात. ह्या एका पाचरीवर लोकांनी पीएचड्या केल्यात, आणि अजून कराव्या लागतील.

माझं स्वतःचं काम मॅग्नेटवर होतं. मॅग्नेटच्या लोखंडाला स्मरण असतं, म्हणजे करंट तोच ठेवला तरी तू वरून खाली आलीस का खालून वर गेलीस त्यावर फील्ड किंचित वेगळं येतं. त्यामुळे उपचारात बहुतेक ठिकाणी सगळ्यात खोल थर आधी, मग हळूहळू वर, एकाच दिशेने येतात. मध्येच उलटं जायचं असेल तर मॅग्नेटचा करंट आधी पूर्ण वर-खाली करून आणावा लागतो आणि त्यात सेकंद जातात, आणि पेशंट त्या वेळात श्वास घेत असतो, फुप्फुसातला ट्यूमर हलत असतो. मी दीड वर्ष ह्याच एका गोष्टीवर होतो. रात्री दोनला कंट्रोल रूममध्ये बसून फॉस्फर स्क्रीनवरचा ठिपका बघायचा, तो अर्धा मिलिमीटर डावीकडे का सरकला ते शोधायचं. एक आठवडा मला वाटलं प्रोग्रॅम चुकलाय, शेवटी निघालं की हॉलचं तापमान दुपारनंतर वाढत होतं आणि पॉवर सप्लाय त्याबरोबर सरकत होता.

हे सांगायचं कारण, मावशीसाठी तू येतेयस ते खरं आहे आणि ते विसरू नकोस, पण चार वर्षांत एकही पेशंट न दिसण्याची शक्यता आहे. दिसेल तो ठिपका. तुला त्या ठिपक्याचा ध्यास लागत असेल तरच ये. नाहीतर मेडिकल फिजिक्स कर, तेही तितकंच मोलाचं आहे आणि पेशंट रोज समोर असतो.

फॅन्टम_परळ:

मी हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे, बारा वर्षं झाली. बीमलाईन दादांनी मशीनची बाजू छान सांगितली, मी दुसऱ्या दाराचं सांगते.

आपल्याकडे नुसत्या एमएस्सी फिजिक्सवर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट म्हणून लागता येत नाही. एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग इंटर्नशिप, असं एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियमात आहे. बीएआरसीचा डिप्लोमा अणुशक्तीनगरला होतो, मी तोच केला. नोकरीच्या दृष्टीने आईला सांगण्यासारखी ही वाट आहे, हे मी मनापासून सांगते.

आमची सकाळ सहा-साडेसहाला सुरू होते. पहिला पेशंट यायच्या आधी मशीनचा आउटपुट बघायचा, टेबलवर फॅन्टम (पेशंटच्या जागी ठेवायचा ठोकळा) ठेवायचा, त्यात आयन चेंबर (डोस मोजणारं उपकरण), रीडिंग घ्यायचं, एक-दोन टक्क्यांच्या बाहेर गेलं तर मशीन चालू करायचं नाही. आणि बाहेर तोपर्यंत लोक येऊन बसलेले असतात, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून, कोणी रात्रीच्या गाडीने थेट स्टेशनवरून.

आता एक प्रसंग सांगते, कुठल्या हॉस्पिटलातला ते सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमचं लिनॅक (इलेक्ट्रॉन पळवून एक्स-रे काढणारं मशीन) बंद पडलं. मॅग्नेट्रॉन (त्याला मायक्रोवेव्ह पुरवणारा भाग) गेला आणि सुटा भाग यायला नऊ दिवस लागले. नऊ! घशाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये मध्ये खंड पडला की ट्यूमरच्या पेशी परत वाढायला लागतात, म्हणून राहिलेले शेक दिवसातून दोनदा देऊन वेळ भरून काढायचा प्रयत्न करावा लागतो, सहा तासांचं अंतर ठेवून. आम्ही दुसऱ्या मशीनवर रात्री अकरापर्यंत पेशंट घेतले. एक काका यवतमाळहून आलेले, शेतकरी, ते मला रोज विचारायचे, ताई आज चालू होईल का. मी काय उत्तर देणार होते? त्या नऊ दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मशीन बनवणाऱ्यांमध्ये आपलं कोणीतरी पाहिजे.

म्हणून चाफा, माझं मत जरा वेगळं आहे. पीएचडीचा विषय निवडताना सगळे प्रोटॉन, कार्बन, फ्लॅशकडे (सगळा डोस क्षणात देण्याची पद्धत) धावतात. पण आपल्या देशातले जवळजवळ सगळे पेशंट लिनॅकवर नाहीतर कोबाल्टवर (किरणोत्सारी कोबाल्ट वापरणारं मशीन) असतात. न बंद पडणारा, धुळीत, उकाड्यात, विजेच्या चढउतारात टिकणारा, कमी खर्चात दुरुस्त होणारा लिनॅक हाही पीएचडीचाच विषय आहे. सर्नबरोबर मिळून स्टेला नावाचा प्रकल्प नेमका ह्यासाठीच चालतो, आफ्रिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये लिनॅक कशाने बंद पडतात ते गोळा करून त्यावरून नवीन रचना. आणि घराजवळ बघायचं तर पवईला आयआयटीच्या आवारात समीर ही सरकारी संशोधन संस्था आहे, तिथे मेडिकल लिनॅक बनवण्याचं काम किती वर्षांपासून चालू आहे, आधी ४ एमव्ही (दशलक्ष व्होल्ट), मग ६ एमव्ही. तू कळव्याला राहतेस ना, तुला तर पवई जवळ.

बीमलाईन:

फॅन्टम ताई, पूर्ण मान्य. मी प्रोटॉनमध्ये वाढलो म्हणून तेच लिहीत बसलो.

फ्लॅशबद्दल मात्र थोडं सांगतो, कारण चाफाला इंटरव्ह्यूत विचारतील. नेहमी डोस मिनिटाला काही ग्रे (डोसचं माप) ह्या वेगाने देतात, फ्लॅशमध्ये सेकंदाला ४० ग्रेच्या वर, म्हणजे सगळं काम सेकंदापेक्षाही कमी वेळात. २०१४ मध्ये उंदरांवर दिसलं की ट्यूमरवर परिणाम तोच पण निरोगी भागाला इजा कमी. २०१८ ला लोझानमध्ये पहिल्या माणसाला दिलं, त्वचेच्या ट्यूमरवर, १५ ग्रे, ९० मिलिसेकंदात. असं का होतं ह्यावर जीवशास्त्रवाल्यांचं अजून एकमत नाही. आपली अडचण सरळ आहे: मी वर ग्रॅफाइटचं सांगितलं ना, एनर्जी कमी केली की बीमच उरत नाही, मग तो वेग आणायचा कुठून? म्हणून प्रोटॉन फ्लॅशच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीत बीम शरीरातून आरपार घालवला, ब्रॅग पीक वापरलाच नाही. म्हणजे ज्या गुणासाठी प्रोटॉन घेतला तोच बाजूला ठेवला. ही गाठ सोडवायची तर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवालेच लागणार.

आता कुठे करायची ते. भारतात बीएआरसी, इंदूरचं आरआरकॅट, कोलकात्याचं व्हीईसीसी, तिन्ही ठिकाणी अ‍ॅक्सिलरेटरची खरी कामं होतात आणि तिन्ही होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली आहेत, टाटा मेमोरियल सेंटरही त्यातच. जेस्ट, नेट, गेट, जी परीक्षा देता येईल ती दे, एकीवर अवलंबून राहू नकोस. फेलोशिप जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं. मुंबईत घरी राहून पुरतात. बाहेर जायचं तर मारी क्युरीच्या डॉक्टरल नेटवर्कच्या जागांवर लक्ष ठेव, त्यात पगारी नोकरीसारखा करार मिळतो आणि भारतातून थेट अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये डेअर्सबरीच्या कॉकक्रॉफ्ट इन्स्टिट्यूटकडे बघ.

पण अर्जाच्या आधी एक कर. महिनाभर संध्याकाळी मॅड-एक्स (बीमची वाट आखायचं सॉफ्टवेअर) शीक, फुकट आहे, सर्नचंच आहे. चार क्वाड्रुपोलची (बीम एकवटणारे चार ध्रुवांचे मॅग्नेट) एक छोटी बीमलाईन बनव आणि बीम एका ठिपक्यावर आणून दाखव. मग टोपासमध्ये (कण कुठवर जातात ते संगणकावर दाखवणारं सॉफ्टवेअर) पाण्याची टाकी ठेवून १५० एमईव्हीचा प्रोटॉन सोड, सोळा सेंटीमीटरच्या आसपास थांबतोय का बघ. ह्यात रात्रीचं जेवण विसरलीस तर समज तू आमच्यातली.

साताऱ्याची_आई:

मला ह्यातलं काही कळत नाही, मुलाने धागा दाखवला म्हणून लिहितेय. धाकटीला मेंदूत गाठ होती, सात वर्षांची आहे. ऑपरेशननंतर डोकं आणि पूर्ण पाठीचा कणा, दोन्हीला प्रोटॉनचे शेक लागले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की नेहमीचे किरण पाठीतून घुसले की पुढे छाती, हृदय, पोट सगळ्यातून जातात आणि हे किरण मणक्यापाशी थांबतात, आणि लहान मूल आहे, तिला अजून सत्तर वर्षं जगायचंय. ते वाक्य मी विसरणार नाही.

ते गोल फिरणारं यंत्र बघून ती पहिल्या दिवशी रडली. मग सिस्टरनी तिच्या मास्कवर स्केचपेनने मांजराच्या मिशा काढू दिल्या. आता शाळेत जाते. पोरी, तू शीक. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

चाफा_कळवा:

काकू, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, मग स्वयंपाकघरातून विचारलं की ती परीक्षा कधी असते. तुमच्या लेकीला खूप खूप प्रेम.

फॅन्टम ताई, त्या यवतमाळच्या काकांचं पुढे काय झालं? सांगायचं नसेल तर नका सांगू.

बीमलाईन दादा, मॅड-एक्स उतरवून घेतलंय, अजून क्वाड्रुपोलचं चिन्ह उलटं पडतंय, एका दिशेने ठिपका होतो आणि दुसऱ्या दिशेने पसरतो, मग कळलं की क्वाड्रुपोल असंच करतो आणि म्हणून जोडीने लावतात. लोकलमध्ये उभ्याने वहीत दुसरं गणित केलं, बरोबर आहे का बघा. २३० एमईव्हीच्या प्रोटॉनचा संवेग साधारण ६९६ एमईव्ही प्रति सी, म्हणजे चुंबकीय कठीणपणा (चुंबकाने कण वळवणं किती अवघड त्याचं माप) २.३२ टेस्ला-मीटर. कार्बन ४३० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑन घेतला, तोही तीसेक सेंटीमीटर जातो म्हणून, तर ६.६ आला. १.६ टेस्लाचा मॅग्नेट धरला तर प्रोटॉन दीड मीटरच्या त्रिज्येत वळतो आणि कार्बनला चार मीटरच्या वर लागतात. एवढा फरक? मला वाटलं माझंच चुकलं.

फॅन्टम_परळ:

काकांचे शेक पूर्ण झाले चाफा. दीड वर्ष फॉलोअपला येत होते, एकदा घरची तूरडाळ घेऊन आले होते पिशवीत. नंतर यायचे थांबले. गावाहून फोन लागला नाही.

डिप्लोमा का पीएचडी हे ठरवायच्या आधी कामाची सकाळ एकदा बघून घे. आमच्याकडे विद्यार्थ्यांना परवानगी काढून बघायला येता येतं, कॉलेजचं पत्र लागेल, विभागप्रमुखांच्या सहीचं.

बीमलाईन:

गणित बरोबर आहे, दोन्ही आकडे. आणि तो फरक म्हणजेच हायडेलबर्गची कार्बनची गॅन्ट्री (बीम पेशंटभोवती फिरवणारा सांगाडा) ६७० टनांची का झाली त्याचं उत्तर. प्रोटॉनची शंभर-सव्वाशे टनांची असते. जपानमध्ये चिबाला अतिवाहक (फार थंड ठेवून वीज विनारोध वाहणारे) मॅग्नेट वापरून कार्बनची तीनशे टनांच्या घरात आणली. फील्ड वाढवलं की त्रिज्या कमी, पण अतिवाहक मॅग्नेटचं फील्ड भराभर बदललं की तो तापतो, आणि थर बदलायला फील्ड भराभर बदलावंच लागतं. पुढचं गणित हे कर: तीन टेस्ला धर, त्रिज्या काढ, आणि ३० सेंटीमीटर खोलीवरून २९ वर यायला फील्ड किती टक्के बदलावं लागतं तेही काढ.

मॅड-एक्सची फाइल इथेच टाक, चिन्हाचं मी बघतो. रविवारी सकाळी बसतो मी ह्या कामांना.